यादी लागेपर्यंत

माळवाडी, १६ नोव्हेंबर

प्रिया,

आईचे आशीर्वाद. ते घ्यायचे की नाहीत ते तू ठरव.

चार महिन्यांनी लिहितेय. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही, म्हणून कागद घेतला.

घरी सगळे बरे आहेत. आप्पा आठ दिवसांपासून बेंगळूरला आमदार निवासात आहेत. तू बातम्या बघतच असशील. मुख्यमंत्री बदलले, आता मंत्रिमंडळ नव्यानं होणार. यादी दिल्लीला गेलीय म्हणतात. बेळगाव जिल्ह्याला किती जागा, त्यात निपाणी-चिकोडीकडं एक येते की नाही, जैन समाजाचा एक माणूस घ्यायचा की नाही, टीव्हीवर दिवसभर हाच खल. आप्पा तीनदा निवडून आले आणि तीनदाही मंत्रिपद हुकलं. या खेपेला होणार असं सगळे म्हणतात. अडथळा एकच आहे आणि तो तुला माहीत आहे.

जुलैत आपल्या तंबाखूच्या वखारीत जे झालं ते वाईट झालं. कामावरची शालूबाई गेली त्याचं दुःख तुला एकटीलाच आहे असं समजू नकोस. पण पोलिसांनी पंचनामा केला, अतिपावसानं भिंत पडली असं लिहिलं, विषय मिटला होता. तू तिथल्या जखमी बायकांचं वकीलपत्र घेतलंस आणि पुन्हा तपास करा म्हणून बेळगावच्या कोर्टात अर्ज टाकलास. आता विरोधकांनी त्या अर्जाच्या झेरॉक्स काढून दिल्लीपर्यंत पोचवल्यात. सख्खी लेक बापाविरुद्ध उभी आहे म्हटल्यावर वरची माणसं विचारणारच.

अर्ज मागं घे. कायमचा नको. फक्त यादी लागेपर्यंत. नंतर तुला वाटलं तर पुन्हा टाक, कुणी अडवणार नाही. शालूबाईच्या सुनेला नोकरी लावून द्यायचं आप्पांनी कबूल केलंय.

हे मी माझ्या मनानं लिहितेय. मला कुणी सांगितलेलं नाही.

तुझी आई,
राजमती


१७ नोव्हेंबर

प्रिया,

कालचं पत्र फाडलं नसशील तर फाड.

ते लिहिताना मारुतीराव समोर बसले होते. आप्पांचे पीए म्हणून तू त्यांना ओळखतेस, पण गेल्या चार महिन्यांत ते या घरात किती वाढलेत ते तुला माहीत नाही. माझा फोनही आता त्यांच्याच हातात असतो. "वैनी, कायमचा नको असं घाला. त्यानं पोरगी वळतीया," असं म्हणाले. मी घातलं. "माझ्या मनानं लिहितेय" हेही त्यांनीच सांगितलं. मग पाकीट चिकटवून स्वतः घेऊन गेले.

हे मी बस्तीत, भगवंतांसमोर बसून लिहितेय. दर्शनाला निघाले म्हटल्यावर मागं कुणी येत नाही. निपाणीला जाऊन स्वतःच्या हातानं पोस्टात टाकीन. काही कळवायचं झालं तर इथल्या, बस्तीच्या पत्त्यावर कळव.

लिहायचं कारण असं, की मारुतीराव परवा व्हरांड्यात कुणाला तरी म्हणत होते, "पोरं लई तापल्यात, बेळगावात जाऊन जरा समजावून येत्यात." समजावून म्हणजे काय ते मला कळत नाही असं नाही. तू संध्याकाळी एकटी स्कूटरवरून येऊ नकोस. ऑफिसच्या खाली ओळखीचं नसलेलं कुणी उभं दिसलं तर वर जाऊ नकोस, शेजारच्या दुकानात थांब. आप्पांना यातलं माहीत नाही. निदान मला तसं वाटतं. विचारायचं धाडस झालं नाही.

आप्पांचा फोन आला की तेवढा मारुतीराव मला देतात, दिवसातून पाच-सहा वेळा येतो. "राजू, टीव्हीवर काय दाखवाय लागल्यात?" म्हणून विचारतात. माणूस बेंगळूरला, मुख्यमंत्र्यांच्या घरापासून मैलभरावर, आणि माळवाडीला बसलेल्या बायकोला विचारतो टीव्हीवर काय. काल एका कन्नड चॅनेलनं संभाव्य चोवीस नावं दाखवली. मी दोनदा वाचली. नव्हतं. फोन आला तेव्हा मी सांगितलं, लाईट गेलीय, काही दिसलं नाही. त्यांना बहुतेक कळलं. मग म्हणाले, "जेवलीस?" आवाज रडल्यासारखा होता.

तू त्यांना राक्षस समजत असशील तर एवढंच सांगते. भिंत पडली तेव्हा जेसीबी यायच्या आधी ते स्वतः दगड उपसत होते. दोन नखं निघाली. शालूबाईला त्यांनीच उचलून बाहेर आणलं. हे तू बघितलं नाहीस, तू संध्याकाळी पोचलीस.

आई


२० नोव्हेंबर

प्रिया,

तुझं कार्ड बस्तीच्या पत्त्यावर आलं. पुजारी उपाध्येंच्या बायकोनं पदराआड धरून दिलं. चार महिन्यांनी लेकीची एक ओळ, आणि तीही प्रश्न. "मे महिन्यात महादेव मुकादम आप्पांना भेटायला घरी आला, तेव्हा तू कुठं होतीस?"

मी स्वयंपाकघरात होते. आणखी कुठं असणार?

स्वयंपाकघरातून बाहेरचं सगळं ऐकू येतं असं नाही. मिक्सर चालू होता. महादेव आठवड्यातून दोनदा यायचाच, त्यातलं कुठलं येणं तू म्हणतेस ते मला कसं आठवणार? आप्पांनी त्याला चहा द्यायला सांगितला, मी दिला. इतकंच.

आज दिवसभर घरात माणसं. नाव मागं पडलं म्हणून तोंड बारीक करून आलेले, आणि दुपारनंतर परत पुढं आलं म्हणून हसत आलेले, तेच ते. दुसऱ्या गटाच्या उमेदवारावरून दिल्लीत अडलंय म्हणे, म्हणून आप्पांच्या नावाचा विचार पुन्हा चालू झालाय. चौकात डिजिटल बोर्ड छापून आणून ठेवलाय, "नामदार" असं लिहून. लावायचा की नाही म्हणून तो उलटा करून भिंतीला टेकवलाय. दोन बायकांनी तर मला आत्ताच मंत्रीणबाई म्हणून हाक मारली. मी ओ दिली नाही. झालं तर काय आणि नाही झालं तर काय, दोन्हीची सारखीच भीती वाटते.

हे पत्र इथंच संपवून पाकिटात घातलं होतं. पुन्हा काढलंय.

मिक्सर चालू नव्हता. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती.

महादेव म्हणाला, "आण्णा, उत्तरेच्या भिंतीनं पोट काढलंय. बोटं जात्यात भेगंत. पावसाआधी बायका तितनं हलवूया."

आप्पा म्हणाले, "हलवून बसवायच्या कुठं? निम्मी वखार मालानं भरल्या. आणि पंचायतीची निवडणूक तोंडावर हाय, आत्ता वखार बंद ठेवली तर दोनशे बायका घरात बसत्यात, दोनशे घरं माझ्या नावानं बोटं मोडत्यात. एवढी निवडणूक होऊ दे."

महादेव म्हणाला, "तंबाखूच्या बोदांची थप्पी तरी त्या भिंतीची काढू काय? पोत्यांच्या वजनानं रेटतीया ती."

"काढ की." मग जरा थांबून म्हणाले, "सवडीनं काढ."

मी चहा घेऊन दारात उभी होते. महादेवनं माझ्याकडं बघितलं. आता तो, असं काही बोलणं झालंच नाही म्हणून सांगतो. त्याला लेकीचं लग्न करायचंय, वखारीतनं काढलं तर कुठं जाईल? त्याच्यावर चिडू नकोस.

तुझा प्रश्न कोर्टासाठी होता की माझ्यासाठी, ते कार्डावरून कळलं नाही.

आई


२३ नोव्हेंबर

प्रिया,

झालं. आप्पा मंत्री होणार.

सकाळी दहाला मुख्यमंत्र्यांकडून त्यांना फोन आला आणि त्यांनी मला केला. "राजू, आलं बघ नाव." तीस वर्षं बरोबर आहे, त्यांच्या मागं गावोगाव फिरले, घरोघरी हळदीकुंकू लावून मतं मागितलीत. आनंद झाला. तुझ्यापासून लपवून काय करू, फार झाला.

शपथ परवा, पंचवीसला, राजभवनात. उद्या सकाळी सहाला गाडी येणार. मारुतीरावांनी रेशमी साडी काढून ठेवायला सांगितलंय, पिवळी नको, टीव्हीवर फिकी दिसते म्हणाले.

अकरापासून फटाके. गुलाल. उलटा ठेवलेला बोर्ड सुलटा झाला. महिला आघाडीच्या बायका पेढे वाटायला निघाल्या आणि मला पुढं घातलं. गल्लीगल्लीनं जाता जाता अक्काताईच्या दारात आलो. बाकीच्या बायका पुढच्या घराकडं वळल्या. त्यांना तिथं थांबायचं नव्हतं. मी एकटीच आत गेले.

अक्काताई खाटेवर होती. डावा पाय अजून टेकवत नाही, हे तू जाणतेसच, तुझ्या अर्जावर तिचाच पहिला अंगठा आहे. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "या वैनी. बसा. आण्णा मंत्री झालं म्हणं, चांगलं झालं." पेढा घेतला. हातातच धरून बसली.

मी म्हटलं, "अक्काताई, भिंतीला भेग होती हे तुमाला माहीत होतं?"

"माहीत नसाय काय झालं? भेगंतनं उजेड याचा."

"मग तिथं का बसत होता?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी विचारायला नको होतं. म्हणाली, "शालाक्का म्हणाली की. मी वैनींच्या कानावर घातलंय, वैनींनी सांगतो म्हणून सांगितलंय, दोन दिसांत काम होतंय. तुमचं नाव घेतल्यावर आमी कशाला भ्यावं? बसलो."

प्रिया, आता हे लिहायलाच हवं. तुला माहीत नाही. आप्पांना माहीत नाही. अक्काताईला माहीत होतं आणि ती चार महिने कुणाला बोलली नाही, तुलासुद्धा नाही.

भिंत पडायच्या तीन दिवस आधी शालूबाई मागच्या दारानं माझ्याकडं आली होती. धो-धो पाऊस. आत ये म्हटलं तर आली नाही, अंगाला तंबाखूचा वास हाय म्हणाली. "वैनी, महादेवचं मालक ऐकत न्हाईत. तुमचं ऐकत्यात. तेवढं सांगा की त्यास्नी." मी म्हटलं, "आज मतमोजणी आहे, डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. जरा निवांत झाले की सांगते." ती "व्हय" म्हणून गेली.

त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी विजयाची मिरवणूक होती. तिसऱ्या दिवशी सांगायचंच असं ठरवलं होतं, पण जेवताना ते इतके खुशीत होते, की म्हटलं आजचा दिवस जाऊ दे. चौथ्या दिवशी सकाळी भिंत पडली.

तू संध्याकाळी आलीस आणि आप्पांवर ओरडत होतीस, "तुम्हाला माहीत होतं!" तेव्हा मी मध्ये पडले आणि तुला म्हटलं, "बापाला असं बोलतेस, लाज वाटत नाही?" तू पिशवी भरून निघून गेलीस. मला मात्र आधी वाटलं ते असं, की बरं झालं, ही माझ्याकडं बघत नाही.

रोज बस्तीत आलोचना पाठ म्हणते. केलेल्या पापांची कबुली ज्यात असते तो. शब्द तोंडपाठ आहेत, जीभ आपोआप चालते.

उद्या सहाला गाडी. बॅग भरून झालीय.

आई


खानापूर, ३० नोव्हेंबर

प्रिया,

इतक्या दिवसांत तुझ्यापर्यंत बरंच काही पोचलं असेल, टीव्हीवरनं आणि माणसांकडून. माझ्याकडून ऐक.

चोवीसला सकाळी सहाला निघाले. गाडीत मी, ड्रायव्हर आणि पुढं मारुतीराव. ते सारखे फोनवर, बेंगळूरला आपली किती माणसं येणार, पास किती मिळाले. काकती मागं पडलं तेव्हा मी म्हटलं, "बेळगावात जरा थांबवा. लेकीला भेटून आशीर्वाद देते, मग पुढं जाऊ." मारुतीराव खूश झाले. त्यांना वाटलं, मी अर्जाचं मिटवायला निघाले. "जावा वैनी, सावकाश बोला," म्हणाले आणि हॉटेलात नाष्ट्याला बसले.

मी तुझ्याकडं आले नाही. आले असते तर उद्या म्हणाले असते, वकील लेकीनं आईला पढवलं. रिक्षावाल्याला म्हटलं, कोर्टाजवळ नोटरीचं काम करणाऱ्या कुणी बाई असतील तर तिकडं ने. त्यानं जयाबाई म्हणून एका वयस्क वकीलबाईंच्या दारात सोडलं. मी नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "उद्या तुमच्या मालकांचा शपथविधी आहे ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "व्हय. म्हणूनच आज आले. परवा आले असते तर पुन्हा आलेच नसते."

सगळं सांगितलं. महादेवचं, आप्पांचं, चहाचं. शालूबाई मागच्या दारानं आली तेही. जयाबाई म्हणाल्या, "ते शेवटचं घालायची गरज नाही. तुमच्याच अंगावर येईल." मी म्हटलं, "घाला."

सही करायच्या आधी त्यांच्याच फोनवरून आप्पांना फोन लावला. त्यांना हे दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर मला सहन झालं नसतं.

"राजू, कुठवर आलीस?"

"बेळगावात उतरले." आणि सांगितलं.

आधी त्यांना कळलंच नाही. मग म्हणाले, "तू काय ऐकलंस? तू काय बी ऐकलेलं न्हाईस."

"मी दारात होते. चहा घेऊन."

मागं माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणी तरी हार आणले होते. मग हळू आवाजात, "राजू, उद्याचा दिवस जाऊ दे. फक्त उद्याचा. मग तुला काय लिहून द्यायचं ते दे, मी अडवत न्हाई."

मी म्हटलं, "शालूबाईच्या वेळेला मी एक-एक दिवस असाच जाऊ दिला." तेव्हा तिचंही सांगितलं. ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"तू मला सांगितलं असतंस तर..." म्हणाले आणि थांबले. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे दोघांनाही माहीत नाही. आता ते कधी कळायचंही नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवलेली खुर्ची मोकळी दिसंल गं." फोन ठेवला.

मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. जयाबाईंनी शिक्का मारला.

मारुतीरावांना निरोप धाडला, मी येत नाही. आणि रेल्वेनं इकडं खानापूरला मावसबहिणीकडं, रत्नाक्काकडं आले.

पंचवीसला तिच्या टीव्हीवर शपथ बघितली. अकरावं नाव. पांढरा फेटा बांधला होता. कन्नडात शपथ वाचताना एका जोडाक्षरावर अडखळले, पुन्हा मागून वाचलं. मला रडू आलं. अभिमानही वाटला. तुला पटणार नाही, पण वाटला. रत्नाक्का म्हणाली, "बाई, तू एक तर रड न्हाईतर हस." लघु पाटबंधारे खातं मिळालं. माझ्या कागदानं त्यांचं काही अडलं नाही.

सत्तावीसला तो कागद कुठून तरी बाहेर फुटला. पत्रकारांनी त्यांना पायऱ्यांवर गाठलं आणि ते म्हणाले, "माझ्या पत्नीची मानसिक अवस्था ठीक नाही. उपचार चालू आहेत." तू ऐकलं असशील. दर तासाला दाखवत होते. रत्नाक्कानं टीव्हीची वायरच काढून टाकली.

रात्री रत्नाक्काच्या फोनवर त्यांचा फोन. "राजू, मला तसं म्हणावं लागलं. तितं उभारल्यावर तोंडातनं तेच निघालं." मी त्यांना एवढंच विचारलं, बीपीच्या गोळ्या घेतल्या का. घेतल्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मारुतीराव दोन माणसं आणि एक डॉक्टर घेऊन इथं दारात. "वैनी, घरी चला, विश्रांतीची गरज हाय तुमाला." रत्नाक्का उंबऱ्यावर उभी राहिली. "तिला विश्रांती लागली तर माझ्याकडं खाट हाय," म्हणाली. गल्लीतल्या बायका जमल्या तसे ते गेले. पण पुन्हा येतील. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, की मी आतल्या खोलीत जाते. रात्री झोप लागत नाही.

कालच मी स्वतः इथल्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून कागद घेतलाय, माझं डोकं ठिकाणावर आहे असा. त्यांनी मला आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत गेले. ते म्हणाले, मला स्वतःला इतकं जमत नाही. त्या कागदाची आणि प्रतिज्ञापत्राची प्रत सोबत आहे.

जयाबाईंनी एक गोष्ट सांगितली ती तुला लिहायला जड जातं. साक्षीदार आई आणि वकील लेक, यावर समोरचे हरकत घेणार. तुला वकीलपत्र दुसऱ्याकडं सोपवावं लागेल कदाचित. चार महिने तू एकटीनं ओढलंस, आणि मी आले ती तुझ्या हातातली केस काढून घ्यायला. यासाठी माफी मागते. बाकीच्यासाठी कुणाकडं मागायची ते मला अजून कळलेलं नाही. अक्काताईला निरोप दे, की मी तिच्याकडं येणार आहे. पेढे न घेता.

नऊ डिसेंबरला तारीख आहे ना? त्या दिवशी बेळगावात विधानसभेचं अधिवेशन चालू असेल. रस्ते बंद, जागोजागी पोलीस, आणि मंत्री म्हणून आप्पाही तिथंच, माझ्यापासून चार मैलांवर. मी सकाळच्या रेल्वेनं येईन, रत्नाक्का सोबत असेल. काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. कोर्ट कसं असतं ते ठाऊक नाही, कधी पायरी चढलेली नाही.

साडेदहाला बाहेर थांब. तुला काळ्या कोटात मी अजून बघितलेलं नाही.

आई